अळीच्या मुखातील धागा

मृगाचा पाऊस एकदा नीट लागला म्हणजे सागाच्या झाडांखालून जाणाऱ्या वाटसरूच्या टोपीवर, छत्रीवर, कधी मानेवरही एखादी काळसर अळी अलगद येऊन उतरते. वर पाहावे तो, दिसेल न दिसेल अशा तंतूंना लोंबकळणाऱ्या कितीतरी अळ्या वाऱ्यावर झुलत असतात. हल्याळ-दांडेलीच्या बाजूस राहणाऱ्या आमच्या वाचकांस हा देखावा नवा नाही. मुले तो तंतू काडीवर गुंडाळीत बसतात आणि बायामाणसे पदर झटकून पुढे जातात. परंतु हा तंतू म्हणजे प्रत्यक्ष रेशीम होय, असे सांगितले तर पुष्कळांस नवल वाटेल. रेशीम म्हणजे लग्नातला शालू, रेशीम म्हणजे मोठ्या सणाच्या मिस्साला वेदीवर दिसणारी वस्त्रे; आणि रेशमाचा किडा म्हणजे तुतीची पाने खाऊन आयुष्याच्या शेवटी स्वतःभोवती कोश विणणारा एक परदेशी जीव, एवढीच आपली सर्वसाधारण समजूत असते. ह्या समजुतीतील ‘शेवटी’ हा शब्द मात्र खरा नाही. तो का खरा नाही आणि त्यापासून आपण काय घ्यावे, हे ह्या आठवड्याच्या लेखात सांगण्याचा आमचा विचार आहे.

ख्रिस्ती वाङ्मयात रेशमाच्या किड्याला मानाचे स्थान मिळाले ते आविलाच्या संत तेरेजामुळे. १५७७ साली तिने आपल्या मठभगिनींसाठी आत्म्याला किल्ल्याची उपमा देऊन एक ग्रंथ लिहिला. त्या किल्ल्याच्या पाचव्या दालनाचे वर्णन करताना ती ह्या किड्याकडे वळते. तुतीच्या पानांवर वाढलेला किडा आपल्या मुखातून रेशीम काढून घर बांधतो, त्या घरात मरतो, आणि त्यातून पांढरे फुलपाखरू बाहेर पडते. तसाच आत्माही पापनिवेदन, सद्ग्रंथ आणि उपदेश ह्यांच्या आहारावर वाढतो, ख्रिस्तामध्ये आपले घर बांधतो आणि नवा होऊन निघतो, असे ती सुचविते. गंमत अशी की, आपण हा प्रकार स्वतः कधी पाहिलेला नाही, केवळ ऐकला आहे, तेव्हा त्यात काही वाकडे असल्यास दोष आपला नव्हे, असेही ती मोकळेपणाने सांगून टाकते. १९७० साली पोप सहावे पॉल ह्यांनी जिला ‘चर्चची आचार्या’ ही पदवी दिली, त्या विदुषीची ही विनम्रता आहे! तिने जे ऐकले होते ते आज आपण अधिक जवळून पाहू शकतो. तसे पाहिले असता तिची उपमा एका जागी थोडी लंगडते हे खरे, परंतु दुसऱ्या जागी ती तिच्या कल्पनेपेक्षाही बळकट ठरते.

प्रथम हा धागा निघतो कोठून ते पाहू. कोळी आपला धागा पोटाच्या मागील टोकातून काढतो, तर अळी तो तोंडाखालून काढते. अळीच्या अंगात दोन्ही बाजूंस एकेक लांब, नागमोडी नळी असते. इतर पुष्कळ कीटकांत ज्या ग्रंथी लाळेचे काम करतात, त्याच येथे रेशमाच्या ग्रंथी झालेल्या आहेत. त्या नळ्यांत रेशीम दाट पाकासारखे पातळ असते. दोन्ही नळ्या पुढे एक होतात आणि खालच्या ओठावरील एका बारीक नळकांडीतून बाहेर उघडतात. म्हणून रेशमाचा एक धागा म्हणजे खरोखर जोडीने चाललेले दोन तंतू असतात, आणि त्यांवर एका चिकट डिंकाचा लेप असतो. तंतूच्या द्रव्याला शास्त्रज्ञ फायब्रॉईन म्हणतात आणि डिंकाला सेरिसिन.

ह्यात लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट अशी की, अळी हा धागा पिचकारीसारखा उडवीत नाही. ती त्याचे टोक पानाला किंवा फांदीला चिकटविते आणि मग डोके मागे नेते. त्या ओढीने आतील पाक ताणला जातो आणि ताणामुळेच त्याचे कण एका रांगेत बसून त्याचा मजबूत धागा होतो. केवळ हवेने वाळल्यामुळे तो घट्ट होतो असे नव्हे. आधी कोठेतरी टोक घट्ट बांधावयाचे आणि मगच पुढे हलावयाचे, हा अळीच्या विणकामाचा पहिला नियम होय.

आता ती हा धागा वापरू लागते केव्हा? अंड्यातून बाहेर पडते तेव्हापासून. अळीच्या डोक्याच्या दोन्ही बाजूंस बहुधा सहा-सहा साधे डोळे असतात, परंतु त्यांनी तिला फारसे स्पष्ट दिसत नाही. पान गुळगुळीत, वारा जोराचा आणि अळीचे अंग तांदळाच्या कणीहूनही लहान. अशा वेळी पुष्कळ जातींच्या अळ्या चालताना डोके डावीउजवीकडे हलवून पानावर रेशमाची नागमोडी रेघ घालतात आणि तिच्यात पाय रोवून पुढे सरकतात. काचेवर ठेवलेली अळी काही वेळाने उचलून पाहावी. काच उजेडाकडे तिरपी धरली म्हणजे तिने घातलेल्या शिडीच्या पायऱ्या कधी कधी स्पष्ट दिसतात.

अळी वाढते तशी तिची कातडी तिला अपुरी पडते, म्हणून ती चारपाच वेळा कात टाकते. कात टाकण्याचा समय जवळ आला म्हणजे ती खाणे सोडते, पानावर रेशमाची लहानशी गादी घालते आणि तिच्यात मागचे पाय अडकवून स्वस्थ बसते. जुनी कातडी गादीला धरून मागे राहते आणि अळी तिच्यातून पुढे निघून येते. गादी नसती तर जुने अंग तिच्याबरोबर ओढत राहिले असते. जुने सोडावयाचे तरी त्याला आधार लागतो, हे ह्या मुक्या जीवाला कोणी शिकविले?

सागावरील ज्या अळीचा आरंभी उल्लेख केला, ती रेशमाचा वापर दोन प्रकारे करते. लहान असताना ती पानाची कड कातरून दुमडते आणि रेशमाच्या टाक्यांनी शिवून टाकते. त्या दुमडीत पक्ष्यांपासून आणि पावसापासून तिला आसरा मिळतो. पुढे वाढ पुरी झाली म्हणजे तीच अळी धाग्याला धरून जमिनीवर उतरते आणि पाचोळ्यात किंवा मातीत कोशाला जाते. ह्या अळ्यांनी पावसाळ्याच्या आरंभी सागाचे रानच्या रान निष्पर्ण केले तरी झाडे सहसा मरत नाहीत. त्यांस पुन्हा पालवी फुटते. तेव्हा ते उघडेबोडके झाड पाहून कुऱ्हाड घेऊन धावण्याचे कारण नाही.

आमच्या शेतकरी बांधवांस ह्या धाग्याची ओळख असणे अधिक अगत्याचे आहे, कारण तो त्यांच्या भाताच्या खाचरातही आहे. भातावरील पाने गुंडाळणारी अळी पानाच्या दोन्ही कडा रेशमाने जवळ ओढून त्याची लांबट नळी करते आणि आत बसून हिरवा भाग खरवडून खाते. म्हणूनच पानावर पांढरे पट्टे उमटतात. दुसरी, सुरळीतील अळी, हिची करामत त्याहून मोठी आहे. ती पानाचा तुकडा कातरून त्याची सुरळी करते, तिला आतून रेशमाचे अस्तर लावते आणि त्या सुरळीसह खाचराच्या पाण्यावर तरंगत एका चुडावरून दुसऱ्या चुडाकडे जाते. तिच्या अंगावर माशाच्या कल्ल्यांसारखे बारीक तंतू असतात. सुरळीत पाणी असेल तोवरच तिचा श्वास नीट चालतो.

एवढे कळले की उपायही कळला. दोघांनी खाचराच्या दोन बांधांवर उभे राहून एक जाड दोर भातावरून ओढीत न्यावा म्हणजे पानांवर अडकलेल्या सुरळ्या पाण्यात पडतात. मग पाणी काढून द्यावे, मोरीच्या तोंडाशी जमलेल्या सुरळ्या गोळा करून नष्ट कराव्यात आणि खाचर दोनतीन दिवस कोरडे ठेवावे. पाण्यावाचून अळी जगत नाही. शत्रूचे घर कशाचे बांधलेले आहे हे ठाऊक असले म्हणजे प्रत्येक वेळी विषाच्या बाटलीकडे हात न्यावा लागत नाही. त्या विषाने पुष्कळदा अळीबरोबर तिला खाणारे कोळी आणि चतुरही मरतात. शिवाय त्या बाटलीची उधारी सुगीच्या वेळी फेडावी लागते ती निराळीच.

हाच धागा आमच्या घरातही शिरलेला आहे. पावसाळी हवेत भिंतीवर खरबुजाच्या बीएवढी, चपटी, करड्या रंगाची एक पिशवी हळूहळू सरकताना पुष्कळांनी पाहिली असेल. ती पिशवी म्हणजे कपडे खाणाऱ्या कसरीच्या कुळातील एका अळीचे घर होय. अळी ते रेशमाने विणते आणि त्यावर वाळूचे कण व धूळ चिकटविते. पिशवीला दोन्ही टोकांस दार असते. अळी आतल्या आत उलटी वळून कोणत्याही दाराने डोके बाहेर काढते. कोळ्याची जुनी जाळी, केस, लोकरीचे धागे हे तिचे अन्न. तिचा उपद्रव नको असेल तर घरातील कोळिष्टके झाडावीत आणि लोकरीचे कपडे अधूनमधून उन्हात घालावेत, एवढे पुरे.

बाभळीवर लोंबणारी काटक्यांची मोळीसारखी पिशवी हीही अशाच दुसऱ्या एका अळीची करणी आहे. ही अळी रेशमाच्या पिशवीवर काटक्या उभ्या लावून ते घर आयुष्यभर पाठीवर वागविते. ह्या जातीच्या मादीला पंख कधी फुटतच नाहीत. ती त्याच पिशवीत राहते, तेथेच अंडी घालते आणि तेथेच मरते. मग तिची पिले दूर जातात कशी? ती पिशवीतून बाहेर पडून रेशमाच्या धाग्यावर लोंबकळतात, आणि वारा त्या धाग्यासह त्यांस दुसऱ्या झाडावर नेऊन टाकतो. आईला जे पंख मिळाले नाहीत, त्यांचे काम पिलांसाठी धागा करतो.

आता कोशाकडे वळू. तुतीवरील रेशमाचा किडा मूळचा चीन देशातला. इ. स. ५५२ च्या सुमारास काही मठवासी साधूंनी त्याची अंडी कॉन्स्टँटिनोपल येथे सम्राट जस्टिनियन ह्याच्याकडे पोहोचविली, असे तत्कालीन इतिहासकार प्रोकोपियस सांगतो. पुढे ही विद्या पश्चिमेकडे पसरत गेली, म्हणूनच स्पेनमधील संत तेरेजाच्या कानावर तिची वार्ता आली. हा किडा इंग्रजी आठच्या आकड्यासारखे डोके फिरवीत सुमारे तीन दिवसांत कोश पुरा करतो. त्या कोशातील अखंड धागा साधारण एक हजार मीटर भरतो. माणसाने हजारो वर्षे पाळल्यामुळे ह्या जातीचा पतंग उडणेही विसरला आहे.

परंतु रानातला कोश पाहावयाचा असेल तर टसरचा पाहावा. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा ह्या भागांतील जंगलांत ऐन आणि अर्जुन ह्या झाडांवर टसरच्या अळ्या पाळल्या जातात. ऐन म्हणजे गोव्याकडील माट्टी. ही अळी नुसता कोश विणून थांबत नाही. ती आधी फांदीभोवती रेशमाचे घट्ट कडे घालते, त्या कड्यापासून एक चिवट देठ खाली आणते आणि त्या देठाला कोश टांगते. कोश इतका कठीण असतो की बोटांनी दाबून तो फुटत नाही. वर्षाच्या अखेरीस जे कोश तयार होतात, त्यांतील जीव हिवाळा आणि उन्हाळा आतच काढतो. झाडाची पाने गळतात, वावटळी येतात, पण फांदीला बांधलेले कडे सुटत नाही. मग पाऊस आला म्हणजे पतंग बाहेर पडतो.

तो बाहेर पडतो कसा? त्याला दात नाहीत, नखे नाहीत. त्याच्या मुखाशी एक पाचक रस तयार होतो. हा रस रेशमाचे तंतू सोडून त्यांवरील डिंक तेवढा विरघळवितो, आणि पतंग सैल झालेले तंतू बाजूस सारून वाट काढतो. काफाटोस आणि विल्यम्स ह्या दोघा शास्त्रज्ञांनी १९६४ साली ह्या रसाचे काम टसरच्याच कुळातील पतंगांवर दाखवून दिले. अळीने एवढी भक्कम भिंत बांधली खरी, परंतु ती अशा द्रव्याची बांधली की एक दिवस ती आतून उघडता यावी. पतंग असा बाहेर पडला म्हणजे कोशाचा धागा अखंड उकलता येत नाही, म्हणून रेशीम काढणारे बहुधा आतील जीव वाफेने किंवा उष्णतेने आधीच मारतात. शालूचे मोल करताना हेही ध्यानात असावे.

येथे संत तेरेजाच्या उपमेचा विचार केला पाहिजे. कोशातील अळी खरोखर मरते काय? नाही. ती आतही श्वास घेत असते. तिचे पुष्कळसे जुने अवयव विरघळतात हे खरे, परंतु पंख, पाय आणि डोळे ह्यांचे अंकुर तिच्या अंगात लहानपणापासूनच असतात, आणि ते आता वाढीस लागतात. २००८ साली अमेरिकेतील काही संशोधकांनी तंबाखूवरील एका पतंगाच्या अळ्यांस एका वासाबरोबर विजेचा सौम्य झटका देऊन त्या वासाची धास्ती लावली. ज्या अळ्यांनी हा धडा शेवटच्या अवस्थेत घेतला होता, त्यांचे पतंग झाल्यावरही ते तो वास टाळू लागले. अळीने घेतलेला धडा पतंगाबरोबर कोशातून बाहेर आला!

म्हणून पुनरुत्थानाच्या सणाला कोशाची उपमा देताना थोडा विवेक राखावा. आपला प्रभू झोपी गेला नव्हता; तो खरोखर मरण पावला आणि खरोखर उठला. त्या गोष्टीला अळीच्या कोशाचे माप लागू पडत नाही. परंतु आपल्या रोजच्या जीविताला मात्र ती उपमा चपखल लागू पडते. पंख फुटलेल्या पतंगाला रेशीम काढता येत नाही. टसरच्या पतंगाला तर खाताही येत नाही. थोडेच दिवस जगून तो आपले काम संपवितो. धाग्याचे जेवढे म्हणून काम आहे तेवढे अळीच्या दिवसांतच उरकावे लागते. आणि अळीला ते शेवटच्या दिवशी साधते, कारण पहिल्या दिवसापासून तिच्या मुखात धागा आहे. पाऊल रोवण्यासाठी, जुनी कात सोडण्यासाठी, आसरा शिवण्यासाठी, खाली उतरण्यासाठी तिने तो रोज वापरला. कोश हा त्या रोजच्या कामाचाच शेवटचा टाका होय.

आम्हां धर्मगुरूंस रात्रीअपरात्री निरोप येतो की, फादर, म्हातारे अत्यवस्थ आहेत, लवकर या. आम्ही जातो, आणि जात राहू. क्रुसावरील चोराला प्रभूने शेवटच्या घटकेस स्वीकारले. त्याच्या दयेला कोणी वेळेची मर्यादा घालू नये. परंतु पुष्कळदा असे दिसते की, ज्याच्या ओठांवर आयुष्यभर जपमाळ होती, त्याला शुद्ध हरपत असतानाही प्रार्थनेचे शब्द सापडतात. आणि ज्याने सारे शेवटावर टाकले होते, त्याचे ओठ हलतात, पण शब्द येत नाहीत. देव दोघांवरही दया करतो. मात्र पहिल्याच्या घरातील माणसांच्या चेहऱ्यावर जी शांती दिसते, ती एका रात्रीत विणता येत नाही.

तेव्हा वाचकहो, ह्या पावसाळ्यात सागाखालून जाताना अंगावर अळी उतरली तर तिला चिरडू नका. काडीवर घेऊन बाजूच्या पाल्यात सोडा. मुलांस तिच्या तोंडाखालचा धागा दाखवा आणि हेच रेशीम म्हणून सांगा. आणि संध्याकाळी घरात दिवा लागला म्हणजे, कितीही दमलेले असलात तरी, सर्वांनी मिळून एक आमच्या बापा आणि एक नमो मरिया म्हणण्याचा नेम मोडू नका. तेवढा टाका रोज पडू द्या.